जांभळा खडू, न पुसलेल्या रेघा आणि अडलेलं शेवटचं पान

सोनटक्का

मंडळी, एका चित्रपुस्तकाबद्दल विचारायचं आहे. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

अप्पा बळवंत चौकात लेकीच्या वह्या घ्यायला गेले होते. तिथे जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात 'हॅरॉल्ड अँड द पर्पल क्रेयॉन' मिळालं. क्रॉकेट जॉन्सन या अमेरिकी चित्रकाराचं, १९५५ सालचं. छोटंसं पुस्तक, पानं जवळजवळ कोरी, त्यावर एक टकलू बाळ आणि त्याने ओढत नेलेली जांभळी रेघ. बाळाचं नाव हॅरॉल्ड. एका संध्याकाळी तो बराच वेळ विचार करतो आणि ठरवतो, चांदण्यात फिरायला जायचं. पण चंद्रच नाही. मग तो चंद्र काढतो. चालायला रस्ता काढतो. रान हवं म्हणून रान काढतो, पण वाट चुकू नये म्हणून एकाच झाडाचं रान. ते निघतं सफरचंदाचं. सफरचंदं राखायला ड्रॅगन काढतो, आणि तो इतका भयंकर उतरतो की हॅरॉल्ड स्वतःच घाबरून मागे सरकतो. पाठीमागे धरलेला खडूचा हात थरथरतो, नागमोडी रेघा उमटत जातात, आणि बघता बघता त्यांचा समुद्र होतो. बाळ गटांगळ्या खातं. मग चटकन होडी काढतं आणि तिच्यात चढतं.

माझी लेक पाच वर्षांची. इंग्रजी अजून कळत नाही, म्हणून मी पानं उलटत तोंडी मराठी करत जाते. रोज रात्री हवंच असतं.

आता दोन अडचणी. पहिली शेवटच्या पानाची. इंग्रजीत 'चित्र काढणं' आणि 'पांघरूण ओढणं' या दोन्हीला एकच क्रियापद आहे. हॅरॉल्ड पलंग काढतो, त्यात शिरतो आणि पांघरूण 'काढतो', म्हणजे चित्रातही आणि खरोखरही. मी म्हणते "पांघरूण काढलं", तर लेक म्हणते, "मग त्याला थंडी वाजेल ना!" मराठीत पांघरूण काढलं म्हणजे उघडा पडला.

दुसरी अडचण मला जास्त लागते. परवा तिने विचारलं, "आई, हा खोडरबर का घेत नाही?" बालवाडीत गेल्यापासून ती प्रत्येक चित्र पुसते. पुसून पुसून कागदाला भोक पडतं, मग रडते. रंग रेघेबाहेर गेला की चित्र चुकलं, असं डोक्यात बसलंय. तिला काय उत्तर देऊ?

मुठाकाठ

वाचतोय. पुस्तक माहीत नव्हतं. थरथरत्या हाताचा समुद्र झाला, हे वाचून अंगावर काटा आला.

ताकभात

आमच्याकडे हे पुस्तक आहे, आणि आमच्याकडे भिंतीही आहेत. भाड्याचं घर, कोथरूड. पुस्तक आणल्यावर तिसऱ्या दिवशी धाकट्याने बैठकीच्या खोलीपासून मोरीपर्यंत सलग रस्ता काढला, कारण "मोरीत जायला रस्ता हवा". घरमालक आजी आल्या, रस्ता बघितला आणि विचारलं, "अरे, वाटेत झाड कुठंय? दमायला होईल माणसाला." त्याने झाड काढलं. घर सोडताना रंगाचे पैसे कापले नाहीत त्यांनी.

रेघोटी

सोनटक्का, मी २२ वर्षं चित्रकला शिकवते. भोक पडेपर्यंत पुसणारी मुलं दर वर्षी वर्गात असतात आणि दर वर्षी वाढतायत, हे माझ्या डोळ्यांनी बघते. माझा उपाय साधा आहे. पहिले तीन महिने वर्गात पेन्सिल नाही, खोडरबर नाही. फक्त मेणखडू. मेणखडू पुसला जात नाही, फार तर पसरतो. मग मूल आपोआप पुढे जातं. हॅरॉल्डच्या हातात पेन्सिल नाही, खडू आहे, हे त्या पुस्तकातलं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे असं मला वाटतं. लेकीने विचारलं ना खोडरबर का घेत नाही, तिला सांगा, त्याच्या खडूचं पुसलंच जात नाही. खरं आहे ते.

पर्वतीची पायरी

रेघोटीताई, थोडा मतभेद नोंदवतो. मुक्तपणा मुक्तपणा म्हणून आपण मुलांना काहीच बैठक देत नाही. आमच्या वेळी कित्ता गिरवायला लागायचा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी स्थिरचित्रं घोटून घ्यायचे, त्याने हात बसला. रेघेत रंग भरता येणं हेही कौशल्यच आहे. ठिपक्यांची रांगोळी घ्या. ठिपका चुकला की अख्खी रांगोळी फसते. आजी ठिपके मोडून पुन्हा घालायला लावायची. त्यात माझी कल्पनाशक्ती मेली नाही.

रेघोटी

काका, हात बसायला हवा हे शंभर टक्के मान्य. मीही आठवीपासून स्थिरचित्रं घोटूनच घेते. पण पाच वर्षांच्या मुलाला छापील हत्ती देऊन "बाहेर जाऊ नकोस" म्हणणं म्हणजे कित्ता नव्हे. कित्त्यात रेघ मूल ओढतं. छापील हत्तीत रेघ दुसऱ्याने आधीच ओढलेली असते, मुलाकडे उरतो तो फक्त चुकण्याचा भाग.

पर्वतीची पायरी

हे पटलं. शेवटचं वाक्य लिहून ठेवतो.

चिमणघर

मला एक वेगळंच खटकतं. रात्रीची वेळ, एवढंसं पोर, आई नाही, बाबा नाहीत, आणि एकटं फिरतंय. घर सापडत नाही म्हणून शोधत सुटतं. माझा मुलगा त्या पानांवर माझा हात घट्ट धरायचा. ड्रॅगनला नाही घाबरला, पण ते खिडक्यांचं पान आलं की डोळ्यांत पाणी.

(ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: हॅरॉल्डला झोप यायला लागते, आपली खिडकी कुठे आहे आठवत नाही. उंचावरून दिसेल म्हणून डोंगर काढतो. चढतो, पलीकडे बघायला वाकतो, पण डोंगराची दुसरी बाजू काढलेलीच नसते. कोसळतो. पडता पडता फुगा काढून वाचतो. खाली उतरून घर काढतो, त्यातली एकही खिडकी त्याची नसते. मग खिडक्यांनी भरलेली इमारत, मग खिडक्यांनी भरलेलं आख्खं शहर.)

मुठाकाठ

डोंगराची दुसरी बाजू काढलेलीच नव्हती! पुस्तक उद्याच शोधतो.

अनवाणी

चिमणघर, तुमचा मुद्दा समजतो, पण माझा अनुभव उलटा आहे. मी सात वर्षांची असताना वडील गेले. त्यानंतर बऱ्याच रात्री मी जागी असायचे. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलाची काही इंग्रजी पुस्तकं दिली होती, त्यात हे होतं. मला अक्षर वाचता येत नव्हतं, चित्रं बघायचे. एकटं मूल अंधारात आहे आणि त्याच्याजवळ काहीतरी आहे ज्याने पुढची पायरी काढता येते, एवढं मला चित्रांतून समजलं. आई शेजारी असती तर हॅरॉल्डने खडू तिच्या हातात दिला असता. मला त्या वयात असं मूल बघण्याची गरज होती.

आणि एक बघा. तो एकटा नाही. एकदा चंद्र काढल्यावर पुढच्या प्रत्येक पानावर चंद्र आहे. समुद्रात, डोंगरावर, शहरात. मी दर पानावर आधी तो शोधायचे.

चिमणघर

अनवाणी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आज रात्री मुलाबरोबर पुन्हा वाचेन आणि चंद्राकडे बोट दाखवेन.

पाटीपेन्सिल

निवृत्त गणित शिक्षक आहे, त्यामुळे दोन गोष्टी.

एक, चंद्राची. लिंबोणीच्या झाडामागे लपणारा आपला चांदोबा असो की हॅरॉल्डचा, चंद्र आपल्याबरोबर चालतो हा प्रत्येक मुलाचा स्वतःचा शोध असतो. नात स्कूटरवर मागे बसून कोथरूडपासून स्वारगेटपर्यंत ओरडत होती, "आजोबा, तो आलाच!" कारण सोपं आहे. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. आपण सात-आठ किलोमीटर गेल्याने त्याच्याकडे बघण्याची दिशा जवळजवळ बदलतच नाही. जवळची झाडं, दिव्याचे खांब झपाट्याने मागे पडतात, तो तिथेच दिसतो, म्हणून सोबत आल्यासारखा वाटतो. गोष्टीचा शेवट यावरच उभा आहे. हॅरॉल्डला आठवतं की घरी आपली खिडकी नेहमी चंद्राभोवती असते. मग तो चंद्राभोवती खिडकीची चौकट काढतो, आणि तो घरी पोचलेला असतो. चालत नाही, शोधत नाही. एक स्थिर बिंदू धरून उरलेली आकृती पुरी करतो. भूमितीतली रचना आम्ही अशीच शिकवायचो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसेल. हा जॉन्सन पुढे खरोखरच भूमितीकडे वळला. १९६५ पासून १९७५ साली मृत्यू येईपर्यंत त्याने गणिती प्रमेयांवर शंभराहून जास्त चित्रं रंगवली. त्यातली बरीच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहेत. सुसम सप्तकोन, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेली सात बाजूंची आकृती, नुसती खुणा नसलेली पट्टी आणि कंपास घेऊन काढता येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. जॉन्सनने पट्टीवर खूण करायची मुभा घेऊन तो काढायची स्वतःची रीत शोधली. सुरुवात झाली सिसिलीतल्या सिराक्यूजला, आर्किमिडीजच्या गावी, जेवणाच्या टेबलावर सात दातकोरण्या मांडता मांडता. त्या सातांतून त्याला १:३:३ कोनांचा त्रिकोण मिळाला, म्हणजे लहान कोन १८० अंशांचा बरोबर सातवा भाग. ते काम 'मॅथेमॅटिकल गॅझेट' या नियतकालिकात छापून आलं. गणिताची औपचारिक पदवी नसलेला माणूस.

मुठाकाठ

सर, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका.

दुपारचा चहा

अवांतर करते, माफ करा. जेवणाचं पान कोणी काढलंच नाही! होडीतून किनाऱ्याला लागल्यावर हॅरॉल्डला भूक लागते आणि तो आपल्या आवडीचे नऊ प्रकारचे 'पाय' काढतो, म्हणजे तिकडचा तो गोड पदार्थ. मराठीत "त्याने नऊ पाय खाल्ले" म्हटल्यावर आमच्या घरी काय झालं असेल, विचार करा. मोठा म्हणाला, "कोळ्याचे का?"

मग मी पोळ्या केल्या. पुरणपोळी, गुळपोळी, सांज्याची, खव्याची, तेलपोळी, दाण्याची, खजुराची. सातावर अडले. उरलेल्या दोन मुलांनी शोधल्या: आंब्याची आणि "आजीची".

पर्वतीची पायरी

पोळ्या केल्यात हे मला मान्य नाही. गोष्ट अमेरिकेतली आहे, सफरचंदाचं झाड तिथलं, पदार्थही तिथलाच राहू द्या. मुलाला कळू दे की दुसऱ्या देशात दुसरं काही खातात. "पाय म्हणजे आत फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ" एवढं सांगितलं की झालं. माधुरी पुरंदरेंची चित्रपुस्तकं आपल्याकडे आहेतच, त्यांत आपलं घर, आपलं ताट, आपली माणसं इतकी नेमकी आहेत की मूल बोट ठेवून ओळखतं. ते तिथे हवं. हे परक्याचं आहे, ते परकं राहावं.

दुपारचा चहा

काका, छापायचं असतं तर तुमचंच ऐकलं असतं. पण मी झोपायच्या वेळी तोंडी सांगतेय. तिथे मुलाच्या जिभेवर चव यायला हवी, नाहीतर नऊ हा नुसता आकडा राहतो.

रेघोटी

मलाही चहाताईंचं पटतं, पण फक्त या एका पानापुरतं. आणि ते उरलेले पाय खाणाऱ्यांचं काय करता? एक फार भुकेला मूस आणि एक साळिंदर.

दुपारचा चहा

साळिंदर तर सह्याद्रीतही आहे, तो सोपा. मूस म्हणजे थंड देशांतलं भलंमोठं हरीण, फावड्यासारखी शिंगं असलेलं, एवढं सांगितलं. त्याला सांबर केलं नाही, काका. इंग्रजीत त्या साळिंदराला चांगलं विशेषण आहे, म्हणजे त्याला खाऊ मिळायलाच हवा असा तो. मी म्हणते "गुणी साळिंदर".

सोनटक्का

गुणी साळिंदर! हे उचलतेय.

सगळ्यांचं वाचतेय. अनवाणी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. रेघोटीताई, पेन्सिल कपाटात ठेवली आहे, मेणखडू आणले.

पर्वतीची पायरी

मुद्द्याशी संबंधित एक अनुभव. काल नातवंडांना घेऊन सारसबागेत गेलो होतो. तळ्यातला गणपती का म्हणतात, असं नातवाने विचारलं. सांगितलं की पेशवाईत इथे पर्वतीच्या पायथ्याशी खरंच तळं होतं, मधल्या बेटावर देऊळ, लोक नावेतून जायचे. आता तळं नाही, हिरवळ आहे. बाहेर भेळ खाऊन घरी आल्यावर त्याने अंगणातल्या फरशीवर खडूने आधी देऊळ काढलं आणि मग भोवती लाटा. मला म्हणाला, "आजोबा, फरशीवर पाय ठेवू नका, भिजाल." मी कडेकडेने गेलो. आजी नाव काढून घेऊन आली.

धाग्यामुळे लक्षात आलं की तो नुसतं मनाला येईल ते काढत नव्हता. देऊळ आहे, म्हणून पाणी. पाणी आहे, म्हणून नाव. हॅरॉल्डचंही तसंच आहे. वाट चुकू नये म्हणून रस्ता सरळ, हरवू नये म्हणून रानात एकच झाड. प्रत्येक रेघेला आधीच्या रेघेचं कारण आहे. माझा मुक्तपणावरचा आक्षेप मी मागे घेतो, कारण हे पोर मोकाट नाहीच. हे फार शिस्तीचं आहे, फक्त शिस्त त्याची त्याने घातलीय.

पाटीपेन्सिल

अनुमोदन. आणि सोनटक्का, तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं माझ्या मते हेच उत्तर. समुद्राची रेघ त्याने पुसली असती तर होडी काढायची वेळच आली नसती. होडी नाही तर किनारा नाही, किनारा नाही तर नऊ पोळ्या नाहीत. तिला उलटं विचारा: "समुद्र पुसला तर साळिंदराला काय मिळेल?"

अनवाणी

खूप छान, सर.

पोलिसाचं पान राहिलं. शहरात हॅरॉल्ड पोलीस काढतो आणि त्याला वाट विचारतो. पोलीस बोट दाखवतो, ते हॅरॉल्ड जात असतो त्याच दिशेला. तरी हॅरॉल्ड त्याचे आभार मानतो. मोठी झाल्यावर इंग्रजी वाचता आलं तेव्हा ही ओळ कळली, आणि तो मुलगा मला आणखी आवडला.

चिमणघर

परत आले. काल रात्री वाचलं. चंद्र दाखवला. मुलगा खिडक्यांच्या पानावर थांबला, सगळ्या खिडक्यांवरून बोट फिरवलं, मग वर चंद्रावर ठेवलं आणि म्हणाला, "हा बघतोय त्याच्याकडे." पान उलटलं. हात धरला नाही.

ताकभात

सगळे शेवटच्या पानाचं विसरले का? तो तर सोनटक्काचा पहिला प्रश्न होता.

काल दुपारी मी हेच कोडं मोठ्याने बोलत होते. सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या, त्यांना पुस्तक वगैरे काही माहीत नाही. मी म्हटलं, आई, 'चित्र काढणं' आणि 'पांघरूण घेणं' दोन्हीला चालेल असा शब्द हवाय. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अगं, रेघ ओढतात, पांघरूणही ओढतात. त्यात काय अडलंय?"

मी बघतच राहिले. आम्ही सगळे 'काढणं' धरून बसलो होतो!

पुढचं त्यांनीच सांगितलं. इंग्रजीत तो पलंग काढतो तिथेही असाच दुहेरी अर्थ आहे ना, अंथरूण करण्याचा? "मग रांगोळी घालतात, तसं अंथरूणही घालतात." म्हणजे बघा:

हॅरॉल्डने अंथरूण घातलं. त्यात शिरला. आणि पांघरूण ओढलं.

मात्र पहिल्या पानापासून रेघ 'ओढली' असंच म्हणायला हवं. रस्ता ओढला, डोंगराची रेघ ओढली, समुद्राच्या लाटा ओढल्या. मग शेवटी ते ओढणं आपोआप दुलईवर येतं.

रेघोटी

ताकभात, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मूळ भाषेत जमलेलं आपल्या भाषेत तंतोतंत जमणं किती दुर्मीळ असतं!

पर्वतीची पायरी

घालणं आणि ओढणं, दोन्ही घरातलेच शब्द. वा.

मुठाकाठ

पुस्तक मिळालं. एकटाच आहे, मुलंबाळं नाहीत. रात्री मोठ्याने मराठीत वाचलं, ताकभात यांच्या सासूबाईंच्या शब्दांत. शेवटी खडू त्याच्या हातून जमिनीवर पडतो आणि तोही झोपेत जातो, तिथे आवाज आपोआप खाली आला.

सोनटक्का

चार दिवसांनी लिहितेय. ताकभात, तुमच्या सासूबाईंचे शब्द जसेच्या तसे वापरले. पहिल्या पानापासून 'ओढलं, ओढलं' म्हणत गेले. शेवटच्या पानावर "आणि पांघरूण..." म्हणून थांबले. लेकीने स्वतःची गोधडी नाकापर्यंत घेतली आणि आतून म्हणाली, "ओढलं!" मग मला म्हणाली, आता यालाही जांभळी कड हवी.

सरांचा प्रश्नही विचारला. समुद्र पुसला तर साळिंदराला काय मिळेल? खूप वेळ गप्प. मग म्हणाली, "काहीच नाही. उपाशी झोपेल." त्यावर काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

आज दुपारी ती घर काढत होती. भावाचा धक्का लागला आणि खडू कागदभर आडवा गेला, घराच्या दारातून पार कडेपर्यंत. माझ्या पोटात गोळा आला. तिने खडू उचलला, रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्या रेघेच्या दोन टोकांना दोन खांब काढले आणि रेघेखाली छोटे छोटे मोजे काढत गेली. वाळत घातलेत म्हणे. कोणाचे विचारलं तर म्हणाली, "गुणी साळिंदराचे. समुद्रात भिजले ना."

कागद फ्रीजवर लावलाय.

दुपारचा चहा

किती मोजे आहेत?

सोनटक्का

चार. आणि पाचवा मूसने नेलाय.